थांबायची खोली

७ जानेवारी

ती. बाबांना,

पार्सल मिळालं असेल. त्यात आमचा जुना लॅपटॉप आहे. हे पत्र मुद्दाम वेगळं पाठवतेय, कारण तुम्ही खोकं उघडता, वस्तू काढता आणि आतला कागद न वाचता रद्दीत टाकता. तुमच्या चष्म्याच्या दुकानात हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आम्ही दोघं चार वर्षं हॉलमधल्या दोन टेबलांवर बसून जो गेम बनवतोय, ज्याबद्दल तुम्ही दर वेळी विचारता, "झाला का तुमचा तो खेळ?", तो अर्धा झालाय. तो अर्धा या लॅपटॉपवर आहे. तुम्ही तो खेळायचा.

हसू नका. सोपं आहे. त्यात एक गोल आहे आणि एक चौकोन. नाक नाही, डोळे नाहीत, अख्ख्या गेममध्ये एक शब्द नाही. गोल पळतो आणि उंच उड्या मारतो. चौकोन जड आहे, त्याची उडी बेताची, पण तो वस्तू ढकलतो आणि गोलाला पाठीवर उभं राहू देतो. दोघांना टोकाच्या दारापर्यंत न्यायचं. नेलं की पुढची लेव्हल. तुम्हाला लेव्हल हा शब्द आवडणार नाही, तेव्हा खोली म्हणा. खोल्या मी रचते, त्यांना हलतं-चालतं तुमचे चिरंजीव करतात. बाणांच्या बटणांनी चालायचं, खालच्या लांब पट्टीने उडी.

यात एक गोष्ट आहे, पण ती कुठे लिहिलेली नाही. पायऱ्या, खड्डे आणि दारं यांतूनच ती कळायला हवी. कळते की नाही, ते मला आता समजेनासं झालंय. स्वयंपाक करणाऱ्याचं पोट वासानेच भरतं, तसं झालंय माझं. आमचे मित्र तर गेम खेळून इतके निर्ढावलेत की खोली बघायच्या आधीच पार करतात. मला असा माणूस हवाय ज्याने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. असा माझ्या ओळखीत एकच आहे.

फोन करू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच "हो हो, छान" म्हणता. कुठे अडलात, कुठे कंटाळलात आणि तुमच्या मते त्या दोघांचं काय चाललंय, एवढं पत्रात लिहा.

तो बरा आहे. कामात आहे. आईंना नमस्कार सांगा.

भिंगरी

---

२१ जानेवारी

चि. सौ. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझा गोल आणि चौकोन सुखरूप पोचले. मी सुखरूप राहिलो नाही.

पहिला दिवस मी पहिल्याच खोलीत काढला. लांब पट्टी म्हणजे लॅपटॉपची कड असं समजून ती दाबत होतो. पुढच्या खोलीत खड्डा आला. पडलो. पुन्हा पडलो. पण पडलं तरी तुझा खेळ ओरडत नाही, गुण कापत नाही, गुपचूप काठावर आणून उभं करतो, हे मला फार आवडलं. असा एखादा मास्तर मला शाळेत मिळाला असता तर मी आणखी शिकलो असतो.

तुझ्या सासूबाई शेजारी बसून भाजी निवडतात आणि हुकूम सोडतात. "आता. आता मारा." त्या म्हणतात तेव्हा उडी मारली तर मी पडतो, आणि नाही मारली तर बोलणी खातो. एकदा मी चहा घ्यायला उठलो तर माझ्या जागी बसून त्यांनी अख्खी खोली पार केली आणि वर "मी फक्त पुसत होते" म्हणाल्या.

गोष्टीचं म्हणशील तर माझं मत असं, की चौकोन हा नवरा आणि गोल ही बायको, कारण गोल एका जागी बसत नाही. सासूबाईंचं मत बरोबर उलट. त्या म्हणतात, "जो सगळ्यांचं पाठीवर घेतो आणि ज्याला कोणी विचारत नाही, ती बायको." यावर आमचे दोन दिवस गेले. अजून निकाल नाही. पण त्या दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, हे मात्र आम्हा दोघांनाही न सांगता कळलं.

एका खोलीत दार उघडलं तर मागे आणखी एक दार, ते उघडलं तर आणखी एक, आणि शेवटच्या दारामागे नुसतं एक पाखरू. ते उडून गेलं. ही खोडी चिरंजीवांची, मी पैजेवर सांगतो. लहानपणी चष्म्याच्या डबीत बेडूक ठेवून ती गिऱ्हाइकाच्या हातात देणारा तोच.

एक तक्रार. पुढच्या एका खोलीत म्हणे करडी पायरी आहे. सासूबाईंना दिसते, मला दिसत नाही. मी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारलं, "हे बरं दिसतं की हे?" आता तुला सांगतो, हे बरं दिसत नाही. रंग बदल.

चिरंजीवांचा फोन बऱ्याच दिवसांत नाही. त्याला म्हणावं, बापाला ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

तुझे बाबा

---

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खूप दिवसांनी एकटीच मोठ्याने हसले.

खड्ड्याचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या मनातलं होतं. खोली रचायची म्हणजे शिकवायचं, पण शिकवतोय हे कळू द्यायचं नाही. तुम्ही चौकोनाला खड्ड्यात उतरवून त्याच्या डोक्यावरून गोल पलीकडे नेलात ना? ते तुम्हाला कोणी सांगितलं? त्याच्या आधीच्या खोलीत चौकोन एका उथळ खळग्यात आपोआप जाऊन बसतो, अगदी मापात. तिथे काही करायचं नसतं, नुसतं बघायचं. तुम्ही बघितलंत आणि विसरलात, आणि पुढच्या खोलीत तुमचा हात आपणहून तसा गेला. असं झालं की मला दिवसभर बरं वाटतं.

गोष्टही तशीच सांगायची असते. "यांचं एकमेकांवर प्रेम आहे" असं लिहिता येत नाही. मग एवढंच करायचं, की एकट्याला जिथे चढता येत नाही तिथे दोघांना चढता यावं. बाकीचं खेळणारा स्वतःच्या घरातून आणतो. आईंनी आणलं तसं. त्यांचं मत मी लिहून भिंतीवर लावलंय.

करडा रंग गडद केला. सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात पाच नव्या खोल्या आहेत. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला घालायचा. जाईना तर उलटा करून बघा, जोर करू नका.

त्याचं काम सध्या वाढलंय. सवड झाली की दोन ओळी लिहील. तुम्ही काळजी करू नका.

भिंगरी

---

२२ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,

पेनड्राइव्ह तिसऱ्या खेपेला गेला. उलटा, सुलटा आणि पुन्हा उलटा.

नव्या खोल्या बघितल्या. यांत मधोमध भिंत आहे, छतापासून जमिनीपर्यंत. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला चौकोन. बटण दाबलं की दोघं एकदम चालतात, एकदम उडी मारतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. इकडची जमीन वेगळी, तिकडची वेगळी. त्यामुळे एकाची उडी बसते तेव्हा दुसरा पडतो. त्याला सांभाळावं तर हा पडतो.

मी बराच वेळ दोघांना पाडत बसलो. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "एकाला भिंतीला लावून ठेवा. तो तिथेच पाय आपटत राहील. तोवर दुसऱ्याला पुढे न्या." तसं केलं आणि जमलं. पण मला ते करताना बरं वाटलं नाही. सासूबाईंनाही नसावं, कारण त्या नंतर एकही हुकूम न सोडता भाजी घेऊन आत गेल्या, आणि हे आमच्याकडे किती वेळा घडतं ते तुला माहीत आहे.

आणखी एक लिहू का? आधीच्या खोल्यांत अवघड काही झालं की मागून एक गंमत यायची. दारामागे दार, पाखरू, नुसतीच घसरगुंडी. या पाच खोल्यांत एकही खोडी नाही. खोल्या चांगल्या आहेत, कदाचित आधीपेक्षा चांगल्या. पण दोघांच्या वाटत नाहीत.

माझं चुकत असेल. कामाच्या रामरगाड्यात खोड्या सुचत नाहीत, हे मीही जाणतो. तो बरा आहे ना? तू बरी आहेस ना? एवढंच विचारतो.

करडी पायरी अजूनही दिसत नाही. तू खरंच रंग बदललास का?

तुझे बाबा

---

१२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र नाही. घाई नाही.

भिंतीच्या पाचही खोल्या आता मला एकट्याला जमतात. सासूबाईंचे डोळे दुखतात म्हणून त्या हल्ली पडद्यासमोर बसत नाहीत. हुकूम सोडायला कोणी नसलं की हात नीट चालतो, पण मजा येत नाही.

इथे सगळं ठीक. मधे चिरंजीव दोन दिवस येऊन गेले.

पुढच्या खोल्या झाल्या की पाठव. झाल्या नसतील तर नुसतं पत्र पाठव. काय लिहायचं ते सुचत नसेल तर कोरा कागद पाठव, म्हणजे तू आहेस एवढं कळेल.

तुझे बाबा

---

१९ एप्रिल

ती. बाबांना,

तुमच्या पत्रात 'सौ.' नव्हतं. आधी वाटलं, राहून गेलं असेल. पण दुकानाच्या बिलावरसुद्धा गिऱ्हाइकाच्या नावामागे श्री. की सौ. हे विचारून लिहिणारे तुम्ही. मग खालची ओळ वाचली, तो येऊन गेल्याची. तेव्हा तुम्हाला कळलंय, हे मला कळलं.

तो नोव्हेंबरमध्ये गेला. मी तुम्हाला पार्सल पाठवलं तेव्हा त्याचं टेबल रिकामं होतं.

आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. एका संध्याकाळी वीज गेली. दोन्ही लॅपटॉप बंद पडले आणि आम्ही मेणबत्ती लावून समोरासमोर बसलो. चार वर्षं आम्ही जेवताना खोल्यांबद्दल बोलायचो, फिरायला गेलो तरी खोल्यांबद्दलच. त्या दिवशी दोघंही दमलेलो, गेमचा विषय नको होता. आणि बाबा, दुसरा विषयच निघेना. वीज येईपर्यंत आम्ही मेणबत्तीकडे बघत बसलो. काही दिवसांनी तो म्हणाला, "मला वाटतं आपण भागीदार चांगले आहोत." मी म्हणाले, "मलाही तेच वाटतं." दोघांनाही हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचंच मग वाईट वाटत राहिलं.

त्याने दुसऱ्या शहरात नोकरी घेतली. गेम माझ्याकडे ठेवला. कुठे प्रोग्रॅम अडला तर अजून मदत करतो. तो वाईट माणूस नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते.

तुम्हाला त्याने सांगायचं असं आमचं ठरलं होतं. तो पुढे ढकलत राहिला आणि मला ते बरंच वाटत होतं. गेम कधीही न खेळलेला माणूस हवा, असं मी लिहिलं होतं. ते निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की मला तुमच्या घरी पत्र लिहायला काहीतरी कारण हवं होतं. सून म्हणून असलेलं कारण जाणार हे दिसत होतं, मग माझ्याकडे दुसरं काय होतं? तुमचं "तो बरा आहे ना, तू बरी आहेस ना" वाचलं आणि पुढे खोटं लिहवेना. खरंही लिहवेना. म्हणून एवढे दिवस गप्प बसले.

सोबतच्या पेनड्राइव्हवर दोन शेवट आहेत. पहिला आमचा जुना, दोघांनी मिळून ठरवलेला. दुसरा मी एकटीने केलेला. माझं कशावरच मन बसत नाही. कोणता चांगला ते सांगू नका, नुसते खेळा आणि काय वाटलं ते लिहा.

आणि एक. करडा रंग मी दोनदा गडद केला. मग शंका आली म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दाखवला. ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत. त्यांना पायरी लांबूनही दिसली. बाबा, रंगाचा दोष नाही. डोळे दाखवून या. या आठवड्यात.

भिंगरी

('तुमची सून' असं लिहिलं होतं, मग खोडलं. आता खाली काय लिहायचं ते तुम्हीच सांगा.)

---

८ मे

चि. भिंगरीस,

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकलाय. डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "तुम्ही मला पेशंट पाठवायचात, स्वतः कुठे लपला होता?" मी म्हटलं, लपलो नव्हतो, मला वाटत होतं जगाचाच रंग उडालाय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन या महिनाअखेरीला, डाव्याचं त्यानंतर महिन्याभराने.

आता 'सौ.'चं. चिरंजीव बसला, चहा प्यायला, आणि कप खाली ठेवताना सांगितलं. मग म्हणाला, "तिला तुम्ही विचारू नका. ती आपणहून सांगेल." म्हणून मी विचारलं नाही. पण पत्र लिहायला बसलो तर ते अक्षर पेनातून उतरेना. लिहावं तर खोटं, गाळावं तर तुला टोचणार. अर्धा तास गेला. शेवटी गाळलं. टोचलं असेल तर मला माफ कर.

सासूबाईंचे डोळे दुखतात, हे मात्र मी खोटं लिहिलं. त्या रागावल्यात. तुझ्यावर, त्याच्यावर की माझ्यावर, हे त्यांनाही नक्की ठाऊक नसावं. "आपल्याला इतके महिने सगळ्यांनी वेड्यात काढलं," एवढंच म्हणतात. मी लॅपटॉप उघडला की उठून जातात. मी त्यांना काही समजवायला गेलो नाही. माझ्या समजावण्याने त्यांचा राग कमी झाल्याचं उदाहरण अजून घडायचंय.

तुझे दोन्ही शेवट खेळलो. पहिल्यात भिंत कोसळते आणि दोघं भेटतात. पण ती का कोसळते? मी काही केलं नव्हतं. आजवर प्रत्येक खोलीत माझ्या हातून काहीतरी घडल्याशिवाय दार उघडलं नाही, आणि इथे तू माझ्यासाठी भिंत पाडलीस. छान वाटलं, पण खरं वाटलं नाही.

दुसऱ्यात दोघांची दारं वेगळी. गोल आपल्या दारातून गेला, चौकोन आपल्या, आणि पडदा काळा झाला. हे खरं वाटलं. पण मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. मनात आलं, दाराबाहेर पडलेला माणूस कुठेतरी जात असेलच की. मागे राहिलेल्याला दार लागलेलं दिसतं, पण जाणारा चालत असतो. तो कुठे जातो तेवढं दाखव. कोडं नको घालूस. मला नुसतं त्याच्याबरोबर थोडं चालायचंय.

खाली काय लिहायचं, विचारतेस. भिंगरी पुरे. तू पहिल्यांदा दुकानात आलीस ती चष्मा करायला. काचा बसेपर्यंत खुर्चीत टेकली नाहीस, सगळ्या आरशांपुढून चकरा मारत होतीस. ते बघून मी हे नाव ठेवलं. तेव्हा चिरंजीव तुला भेटलाही नव्हता आणि तू कोणाची सून नव्हतीस.

तुझे बाबा

---

२४ मे

ती. बाबांना आणि आईंना,

शेवटची खोली पाठवतेय. या वेळी तिच्याबद्दल काही सांगत नाही.

बाबा, ऑपरेशनच्या आधी खेळायची घाई करू नका. डोळा नीट बरा झाला की मग बघा. गेम कुठे पळून जात नाही. मला तो लोकांसमोर आणायची घाई नव्हती कधी, आता तर अजिबात नाही. तुम्ही दोघांनी बघितल्याशिवाय तो बाहेर जाणार नाही.

आईंना सांगा, की... नको, काही सांगू नका. त्यांचा राग बरोबर आहे.

भिंगरी

---

५ जून

भिंगरी,

वर काय लिहायचं, चि. की आणखी काही, यावर हे बराच वेळ बोलत होते. मी म्हटलं, राहू द्या, नाव पुरे. पत्र मी लिहितेय कारण ह्यांना आठवडाभर वाचायचं नाही, लिहायचं नाही, पडद्याकडे बघायचं नाही. उजवा डोळा झाला. चांगला झाला. काल खिडकीतून बघून म्हणाले, "समोरच्या घराला निळा रंग कधी दिला?" तो पहिल्यापासून निळाच आहे.

मी यांच्या शेजारी रोज बसते, मला यांच्या डोळ्यांचं कळलं नाही. तुला इतक्या लांबून एका पायरीवरून कळलं. हे मला लागलं. म्हणून लिहिते.

तुझं पाकीट आलं आणि ह्यांनी हट्ट धरला. "तू खेळ आणि मला सांग." मी म्हटलं, मी त्याला हात लावणार नाही. दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी हे डोळ्याला झाकण लावून त्या लॅपटॉपसमोर नुसतेच बसून राहिले, बंद लॅपटॉपसमोर. मग काय करणार.

खेळायला मी बसले आणि सांगायलाही मीच. ह्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागलं. तुझ्या गेममध्ये एक शब्द नाही म्हणतेस ना? आमच्या अख्ख्या गल्लीला तो शब्दांत ऐकू गेलाय. शेजारीण खिडकीतून विचारून गेली, कोण कुठे पडलं म्हणून.

"दाराबाहेर आला," मी सांगितलं. "बाहेर काय आहे?" हे. "काही नाही. मोकळं आहे. वर छतही नाही." "आणि चौकोन?" "तो पलीकडे आहे, लांब. चढावरून चाललाय. लहान होत चाललाय." "वळून बघतो का?" मी म्हटलं, त्याला डोळे कुठे आहेत. पण मी बटण सोडलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत गोलाला पुढे नेलं नाही. हे मी ह्यांना सांगितलं नाही.

मग गोल चालत राहिला. पुढे ती उंच पायरी आली. आधी तिथे चौकोनाची पाठ लागायची, हे आता मलाही ठाऊक झालंय. उडी मारली, पडला. पुन्हा मारली, पडला. मी ह्यांना म्हटलं, "हिने पुन्हा कोडं घातलंय. नको म्हणून लिहिलं होतंत ना?" तेवढ्यात डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. मी उठले, थेंब घातले, मग दूध उतू जात होतं ते बघितलं, आणि परत आले तर गोलाशेजारी दोन जण उभे होते.

मी म्हटलं, "अहो, कोणीतरी आलंय."

"कोण?"

"मला काय माहीत. दोन आकार आहेत. एक उभा, वाकलेला. दुसरा बुटका, जाड."

"जाड ती तू," हे म्हणाले.

ते दोघं कधी आले, कुठून आले, मी बघितलंच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून खेळले आणि पायरीपाशी हात मांडीवर ठेवून बसले. तेव्हा दिसलं. मागून येतात. फार हळू येतात. मधे बुटकी एकदा थांबते, वाकलेला मागे वळतो, मग पुन्हा निघतात. कोणी घाईने पलीकडे जायला बघितलं तर त्यांना दिसणारच नाहीत. घाई असणाऱ्यासाठी खालून वळसा घालून जायला वाट ठेवली आहेस, तीही मी शोधली. पण थांबलं तर ते येतात आणि गोलाला चढायला पाठ देतात. हे सगळं मी ह्यांना ओरडून सांगत होते आणि मधेच माझा आवाज बसला. हे म्हणाले, "काय झालं? पडली का?" मी म्हटलं, नाही, चढली.

आता माझं. मी रागावले होते. थोडी अजून आहे. तुम्ही वेगळे झालात म्हणून नाही. दोन शहाण्या माणसांनी ठरवलं, त्यात मी काय बोलणार? पण तो इथे आला. दोन दिवस झोपला, माझ्या हातचं जेवला, निघताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तू कोणाकडे गेलीस? तुझं माहेर म्हणजे एक भाऊ, तोही परदेशात. नोव्हेंबरपासून तू त्या दोन टेबलांच्या घरात एकटी जेवत होतीस आणि आम्हाला लिहीत होतीस की तो कामात आहे. राग या गोष्टीचा आहे.

त्याला मी फोनवर सांगितलंय, की ती येत जाईल. तो म्हणाला, "आई, मी तेच म्हणणार होतो." दोघं एका वेळी येऊ नका हवं तर. घर दोघांनाही पुरतं.

डावा डोळा या महिनाअखेरीला आहे. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात. माझा हात हलतो, निम्मं औषध ह्यांच्या गालावर जातं. तू आठ-दहा दिवस येऊन राहा. काम घेऊन ये, टेबल रिकामं करून ठेवते.

येशील तेव्हा बेल वाजवत उभी राहू नकोस. ह्यांना ऐकू जात नाही आणि मी मागच्या बाजूला असते. दार नुसतं लोटलेलं असतं. सरळ आत ये.

आई